हो म्हणून ठेवावे

“त्रिशला, इकडं ये गं जरा. माझं नाव बाळासाहेब मगदूम कधीपासनं झालं?”

अण्णांनी हाक मारली तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. रविवारची सकाळ. बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आले की अण्णा रविवारी कॉम्प्युटरपुढं बसायचे आणि वधू-वर मंडळाची साइट उघडायचे. तो त्यांचा नेमच होता. आई गेल्यापासून अक्काचं लग्न ही त्यांची एकट्याची जबाबदारी, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

मी खाली आले. अण्णा चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडं बघत होते. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जय जिनेंद्र, श्री. बाळासाहेब मगदूम.’

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं, कारण ती साइट मीच केली होती.

मी तेव्हा सांगलीत एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवायचे. आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष चौगुले सर, रिटायर्ड हेडमास्तर. एकदा घरी आले आणि म्हणाले, “पोरी, मंडळाचं काम म्हणजे घरचंच काम.” घरचं काम म्हणजे फुकटचं, हे वेगळं सांगायला लागत नाही. अक्काचं नाव मंडळात होतं, म्हणून मीही नाही म्हणाले नाही. सरांची अट एकच होती. माणसानं आत पाऊल टाकलं की पानावर त्याच्या नावानं जय जिनेंद्र आलं पाहिजे. “नावानं हाक मारली की माणूस टेकतो,” ते म्हणायचे. आणखी एक सोय त्यांनी मागून घेतली होती. पाहिलेल्या प्रत्येक स्थळापुढं ज्याला त्याला आपापला शेरा लिहिता यावा, आणि तो दुसऱ्या कुणाला दिसू नये. नकार कळवताना लोक पत्रिकेचं नाव सांगायचे, खरं कारण शेऱ्यात लिहायचे.

“अण्णा, बंद करा ते. ते पान आपलं नाही,” मी म्हणाले.

“आपलं न्हाई ते दिसतंयच की. पण मगदूमांचं पान माझ्याकडं कसं आलं?”

मगदूम म्हणजे जयसिंगपूरचे, अक्काचे होणारे सासरे. बोलणी झाली होती, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. मुलगा वृषभ, तिथल्याच कॉलेजात लेक्चरर. अक्का चौतीस वर्षांची, कन्याशाळेत हिंदी शिकवायची. तिनं आजवर किती पोहे केले असतील याची मोजदाद कुणी ठेवली नाही. वृषभ बघायला आला तेव्हा मात्र तो तिच्याशी बोलला. शाळेबद्दल विचारलं, मुली हिंदीत काय काय चुका करतात ते विचारलं आणि मनापासून हसला. ते लोक गेल्यावर अक्कानं चष्म्याची फ्रेम बदलली. इतक्या वर्षांत मी तिला स्वतःसाठी काही घेताना पाहिलं नव्हतं. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. मी चिडवलं की लाटणं उगारायची.

मी माउसला हात घालेपर्यंत उशीर झाला होता. अक्का अण्णांचा चहा घेऊन मागं येऊन उभी होती, आणि अक्काला वाचायला वेळ लागत नाही.

पानावर मुलींची यादी होती. प्रत्येकीपुढं मगदूमांचा शेरा. एकीपुढं ‘रंग सावळा, नको.’ एकीपुढं ‘कोल्हापूर, वडील इंजिनिअर, एकुलती. उत्तराची वाट.’ त्याखाली आमची अक्का, ‘राजमती हेरवाडे, इचलकरंजी.’ आणि पुढं, ‘तूर्त हो म्हणून ठेवावे. कोल्हापूरचे न आल्यास हेच.’

अक्कानं कप टेबलावर ठेवला.

“साखर कमी पडली असेल, बघा,” एवढं म्हणून ती आत गेली.

अण्णांनी चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, “बरोबर आहे साखर.”

मी बाहेर जाऊन चौगुले सरांना फोन लावला. दोन दिवसांपूर्वीच सरांनी सांगितलं होतं की रविवारी साइट फार हळू चालते, म्हणून त्यांचा पुण्याचा भाचा सन्मती काहीतरी करून देणार आहे. काय करणार ते ऐकून मी तेव्हाच ओरडले होते.

“सर, सन्मतीनं कॅश चालू केलंय ना?”

“कसली कॅश? मंडळाकडं कॅश आलीय कुठली?”

“पैसे नव्हेत सर. पानं साठवून ठेवायची सोय. एकदा तयार झालेलं पान पुढच्या माणसाला तेच द्यायचं, म्हणजे नवीन करत बसायला नको. बातम्यांच्या साइटला चालतं ते. आपल्याकडं माणूस लॉगिन करून येतो, ज्याचं त्याचं पान वेगळं. इथं असं केलं म्हणजे एकाचं उष्टं ताट उचलून दुसऱ्यापुढं ठेवल्यासारखं आहे.”

‘उष्टं’ या शब्दावर सर जरा चपापले. मग म्हणाले, “अगं, पण आज फटाफट चालतीय. सगळे खूश आहेत.”

“फटाफट चालणारच. सगळ्यांना एकच पान जातंय!”

सरांनी सन्मतीला विचारतो म्हणून फोन ठेवला. मी आत आले तर अण्णा खिडकीपाशी उभे. मला वाटलं संतापले असतील. मीच त्यांच्या वतीनं संतापले होते.

“मगदूमांना फोन करा अण्णा. विचारा जाब.”

“लिहितात गं लोक. बापाला दहा ठिकाणी बघावं लागतं. मनावर घ्यायचं नसतं.”

“अक्कानं घेतलंय मनावर.”

“दोन दिवसांत विसरेल. तू मधी पडू नको.”

मी मधे पडले. माझा स्वभावच तसा आहे आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मगदूमांचा नंबर लावला आणि कशी आहे तब्येत वगैरे न करता सरळ विचारलं, “काका, ‘ठेवावे’ म्हणजे काय? माझी बहीण म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला?”

मगदूम अगदी हळू आवाजात म्हणाले, “साइट तूच केलीस न्हवं?”

“हो.”

“म्हणजे आमच्या खात्यात तू शिरलीस. चोरून वाचलंस. हेरवाड्यांच्या घरात असलं शिकवतात व्हय?”

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या सराईत नव्हे. संध्याकाळपर्यंत जयसिंगपूर, सांगली, इचलकरंजी, सगळीकडं बातमी गेली. हेरवाड्यांची धाकटी लोकांची खाती फोडून वाचते. ज्यांना त्या दिवशी स्वतःच्या फोनवर दुसऱ्याचं नाव दिसलं होतं, ते दहा-बारा लोकही गप्प बसले. दुसऱ्याचं पान आपण किती वेळ वाचत बसलो, हे कोण सांगणार? सन्मतीनं गुपचूप सोय बंद करून टाकली आणि सरांना सांगितलं की असलं काही चालू केलंच नव्हतं.

मगदूमांनी निरोप धाडला. पुढच्या रविवारी मंडळात सगळ्यांसमोर त्रिशलानं माफी मागावी. तर साखरपुडा. नाहीतर नाही.

“माफी माग आणि संपव,” अण्णा म्हणाले. “तुझ्या तोंडातले चार शब्द, आणि हिचं सगळं आयुष्य.”

“मी काही केलंच नाही तर माफी कशाची?”

“केलंस की न्हाई याला कोण विचारतंय?”

अक्का पोळ्या करत होती. ती वळली नाही. तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, “ती माफी मागणार नाही.”

“अगं, तुझ्यासाठीच म्हणतोय मी.”

“माझ्यासाठीच सांगतेय. ती खोटं बोलली तर मी त्या घरात कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांनी लिहिलं ते लिहिलं. मुलानं नव्हतं लिहिलं. मला त्याच्याशी बोलायचंय.”

तेव्हा मला कळलं की अक्कानं अजून आशा सोडली नव्हती. शेरा बापाचा होता. मुलगा तिच्याशी हसून बोलला होता, आणि तेवढ्यावर ती उभी होती. मला तिचा राग आला. त्याहून जास्त तिची कीव आली, आणि तिला कीव आलेली कळली असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

मंडळाची खोली सांगलीला बोर्डिंगच्या मागं होती. लोखंडी कपाट, सतरंजी, दात्यांच्या नावाची पाटी. चौगुले सर मधे बसले. सन्मती लॅपटॉप मांडीवर घेऊन, अंगाला अत्तर लावून. मगदूम भिंतीला टेकून, शेजारी वृषभ. अण्णा, अक्का आणि मी समोर. वृषभ अक्काकडं बघत नव्हता. ती मात्र त्याच्याकडं सरळ बघत होती.

“पोरी, मोठ्या मनानं बोल दोन शब्द,” सर म्हणाले.

“बोलते. सर, त्या दिवशी पानं साठवायची सोय चालू होती. म्हणून काकांचं पान आमच्याकडं आलं. मी कुणाचं खातं फोडलेलं नाही.”

सन्मती हसला. “मामा, असं होऊच शकत नाही. ज्याचं लॉगिन त्याचं पान.”

“मग परत चालू करून दाखव. आत्ता. इथं.”

“काय गरज आहे?”

“होतच नसेल तर भीती कसली?”

सन्मतीनं सरांकडं बघितलं. सर हेडमास्तर होते. वर्गात कुणी कुणावर आळ घेतला की शहानिशा करायची जुनी सवय. “कर चालू,” ते म्हणाले. मामाचा शब्द मोडायची सन्मतीची छाती नव्हती. त्यानं खटखट बटणं दाबली.

“झालं चालू?” मी विचारलं.

“झालं.”

“आता सगळ्यांनी आपापले फोन काढा. मी सांगेन तेव्हा आपापल्या नावानं आत जा. आधी मी जाते. मी तपासणीसाठी एक खोटं नाव घालून ठेवलंय, तेच नाव तुम्हा सगळ्यांच्या फोनवर दिसेल. पहिला जो आत जाईल त्याचं पान...”

वाक्य पुरं व्हायच्या आत मगदूम ओरडले, “आलं की! जय जिनेंद्र, श्री. नेमिनाथ हेरवाडे!”

मी अण्णांकडं वळले. त्यांच्या हातात फोन होता. फोन काढा म्हटल्याबरोबर त्यांनी पान उघडलं होतं, माझ्याही आधी. आपल्या फोनवर मागच्यासारखं मगदूमांचंच पान येणार, आणि ते सगळ्यांना दाखवलं की पोरीवरचा आळ जाणार, असं त्यांना वाटलं होतं. माझ्या बाजूनं ते आयुष्यात इतक्या चपळाईनं कधी धावले नव्हते.

“माझ्याकडं पण हेरवाडेच,” सर म्हणाले. सन्मतीनं आपला फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला.

“बघा!” मी जवळजवळ उडीच मारली. “आता सांगा, मगदूमकाकांनी अण्णांचं खातं फोडलं का? फोडलं का, काका?”

मगदूम वाचत होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मनात वाचता येत नाही. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून ते वाचायला लागले.

“वृषभ मगदूम, जयसिंगपूर. मुलाचे... सांगलीस... एका मुलीशी आहे... असे समजते. मुलगी परजातीची. लग्नानंतर... निवळेल. राजमतीस... बोलू नये.”

बाहेर बोर्डिंगची पोरं क्रिकेट खेळत होती.

मी अण्णांकडं बघत राहिले. मागच्या रविवारी खिडकीपाशी उभे राहिलेले अण्णा मला आठवले. शेरा वाचून ते संतापले नव्हते, कारण त्यांना त्याहून वाईट ठाऊक होतं.

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. मगदूम उठून उभे राहतील, लग्न मोडेल, आणि मोडलं तर बरंच. पण मगदूमांनी फोन खाली ठेवला आणि चक्क मोठा श्वास सोडला.

“म्हणजे हेरवाडे, तुम्हाला ठाऊक हुतं म्हणा की!”

“कानावर आलं होतं,” अण्णा पुटपुटले.

“मग आधी बोलायचं न्हाई व्हय! आम्ही महिनाभर नुसता जीव मुठीत धरून. कळलं की हे मोडणार, म्हणून आणखी चार ठिकाणी बघून ठेवलं. त्यातलंच ते कोल्हापूर. न्हाईतर तुमच्यासारखं घर सोडून आम्ही कशाला कुठं जातोय?”

“तसंच असणार,” अण्णा म्हणाले. “मी घरात तेच सांगितलं.”

“पोरगं आहे. चुकतं वय. पण आता सोडलंय त्यानं.”

“निवळतं सगळं.”

दोघांचे चेहरे उजळले होते. परीक्षेत दोघांनीही कॉपी केलीय हे कळल्यावर मित्रांचे उजळतात तसे. सरांनी मांडीवर थाप मारली. “झालं तर मग! पडदा गेला. मनात काही राहिलं न्हाई. सन्मती, खाली चहा सांग. आणि पोरी, तुझं म्हणणं खरं ठरलं हो. माफीबिफीचा विषय संपला.”

मी खरी ठरले होते. त्याचं त्या खोलीत कुणालाही काही नव्हतं. मलाही नव्हतं.

“अण्णा,” अक्का म्हणाली.

ती आल्यापासून पहिल्यांदाच बोलली होती.

“निवळेल म्हणजे काय?”

“म्हणजे... होतं गं नीट. संसाराला लागलं की.”

“तो निवळेल की मी?”

अण्णांनी फोन खिशात घातला आणि परत बाहेर काढला. त्यांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

अक्का वृषभकडं वळली. तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा होता, स्पष्ट, घाई नसलेला.

“त्या मुलीचं नाव काय?”

“आता कशाला ते उकरायचं...” मगदूम मधे पडले.

“मी त्यांना विचारतेय, काका.” मग ती वृषभला म्हणाली, “नाव सांगा. तुम्ही नाव सांगितलंत की मी इथंच नकार देते. नकार माझ्याकडून गेला असं होईल. तुमच्यावर, तुमच्या घरावर काही येणार नाही. तुम्ही मोकळे व्हाल. फक्त नाव सांगा.”

इतकं मोठं काही कुणी कुणाला देताना मी नंतर कधी पाहिलं नाही. चौतिसाव्या वर्षी, भरल्या खोलीत, आपल्या नावावर मोडलेलं लग्न घेऊन घरी जायला ती तयार होती. मी वृषभकडं बघत होते आणि मनातल्या मनात त्याला ढोसत होते. बोल लेका. दोन अक्षरं, तीन अक्षरं, असतील तेवढी.

वृषभची मान खाली होती. त्यानं सतरंजीचा एक दोरा ओढला. मग बापाकडं बघितलं. मग म्हणाला, “तसं काही नाहीये. बाबा म्हणतील तसं.”

“बघा!” मगदूम म्हणाले. “सांगितलं न्हवतं?”

अक्कानं मान हलवली. “बरं,” ती म्हणाली.

चहा आला. आम्ही तो प्यायलो.

परत येताना अण्णा गाडी चालवत होते, मी आणि अक्का मागं. मी गाडीतच सुरू केलं. “अक्का, वेडी आहेस का तू? बरं काय म्हणालीस? उद्या सकाळी मी फोन करून सांगते त्यांना. नाहीच म्हणायचं. तुला काही कमी आहे का? नोकरी आहे. आपलं घर आहे.”

“कुणाचं घर?” अक्का म्हणाली.

“आपलं. आपल्या तिघांचं.”

ती हळू बोलायची, पण तेव्हा तिनं आवाज मुद्दाम लहान केला नाही. पुढं बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलली.

“तो भित्रा आहे. ते मला आज कळलं, माझ्या तोंडावर कळलं. मगदूमकाका कसे आहेत तेही कळलं. त्या घरात मला आता नवीन काही कळायचं राहिलं नाही. आपल्या घरात मी चौतीस वर्षं राहिले, रोज ताट वाढलं, आणि माझ्याबद्दल काय लिहिलं जातं ते मला सांगलीत परक्या माणसानं वाचून दाखवलं. नाही म्हणाले तर मला परत तिथंच यायचंय ना? मी उद्यापासून कुणाला चहा करून देऊ, त्रिशला?”

आज अक्का जयसिंगपुरात असते, वृषभ तिच्याशी चांगला वागतो, घाबरून वागतो. भेटले की आम्ही हसतो, बोलतो. त्या दिवसाबद्दल मात्र नाही.

अंकलीचा पूल आला. नदी आटलेली होती. अण्णांनी आरशातून मागं बघितलं नाही. पूल ओलांडून गाडी थोडी पुढं गेल्यावर घसा खाकरून त्यांनी विचारलं,

“कार्यालय कुठलं घ्यायचं मग? इचलकरंजीत बघू, की जयसिंगपुरात?”

मी त्यांच्यावर ओरडणार होते. अक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“जयसिंगपुरातच घ्या, अण्णा,” ती म्हणाली. “लग्न लागलं की मला तिथंच राहता येईल.”